गरम मुठी

गास गावच्या वळणावर जयवंत चुरी पडला तेव्हा रस्ता मोकळा होता. समोरून गाडी नव्हती, खड्डा नव्हता, कुत्रंही आडवं आलं नव्हतं. पहाटेचे साडेपाच वाजलेले. मोटरसायकलच्या मागे तोंडलीच्या दोन करंड्या बांधलेल्या आणि सहाच्या आत नालासोपारा स्टेशनजवळच्या बाजारात पोचायचं होतं. वळण आलं म्हणून त्याने क्लच दाबला. म्हणजे दाबला असं त्याला वाटलं. बोटं हललीच नव्हती. ब्रेकचंही तेच. गाडी होती त्या वेगाने वळणात शिरली, कडेच्या मातीवर घसरली आणि जयवंत तोंडल्यांसकट शेताच्या बांधावर जाऊन आपटला.

टपरीवर चहा पिणारे दोघे धावत आले. एकाने गाडी उचलली, दुसऱ्याने जयवंतला उठवायला हात दिला आणि मोजा निसटलेला जयवंतचा हात बघून तसाच थबकला. जयवंतची चारही बोटं दुसऱ्या पेरापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरीफटक पडली होती.

"काका, हाताला चुना लागलाय काय?"

"थंडीने होतं."

"थंडीने?" त्या पोराने सोबत्याकडे बघितलं. "ही वसई आहे काका, काश्मीर नाय!"

दोघेही हसले. तशी माणसं वाईट नव्हती, तोंडली वेचून देत होती. पण जयवंतच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने त्या पोराची कॉलर धरायला हात उचलला. हात कॉलरपर्यंत गेलाही, पण बोटांत धरण्याइतका जीव नव्हता. ती नुसतीच त्याच्या शर्टावरून घसरली. पोराला वाटलं, काका आधार शोधतायत. त्याने प्रेमाने खांद्याला धरलं. जयवंतला त्या क्षणी रडू आलं असतं, पण रागाने तेही होऊ दिलं नाही.

दोन हजार आठ सालचा तो जानेवारी. त्याच्या वटार गावातल्या वाड्यांमधल्या शेकोट्या त्या वर्षी सकाळी आठ वाजले तरी विझत नव्हत्या. गावातले लोक थंडीचं कौतुक करत होते. जयवंतला मात्र वाऱ्याची झुळूक आली तरी तोंडात शिवी यायची.

वाडी थोरल्या भावाकडे होती, आता जयवंत बाजारात न्यायचा ती तोंडली तिथलीच. जयवंत वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कारखान्यात लागला, वसई पूर्वेला, गोखिवऱ्याच्या पलीकडे. तिथे पाण्याच्या मोठ्या पाइपांना लागणारे व्हॉल्व्ह ओतत. साच्यातून निघालेल्या व्हॉल्व्हच्या कडांना जादाचं लोखंड चिकटून राहायचं, ते ग्राइंडरने घासून काढायचं हे जयवंतचं काम. दोन्ही हातांत धरलेला, आठ आठ तास थरथरणारा ग्राइंडर. असं बावीस वर्षं. घासलेल्या कडेवरून बोट फिरवून तो सांगायचा, अजून केसभर जास्त आहे. त्याच्या हाताखालून गेलेला माल कधी परत आला नाही.

मग एका हिवाळ्यात ते बोटच सांगेनासं झालं. आधी शेवटचं पेर, मग दुसरं. सकाळी गाडीवरून कारखान्यात पोचलं की बोटं पांढरी, मेल्यासारखी. अर्ध्या तासाने निळी व्हायची, मग लाल, आणि लाल होताना अशी ठणकायची की तो दात आवळून भिंतीला टेकून उभा राहायचा. हातातून वस्तू पडायला लागल्या. एकदा चालू ग्राइंडरच निसटला. कोणाला लागलं नाही, पण कंपनीने आपल्या डॉक्टरला बोलावलं. त्या डॉक्टरने चार मिनिटं हात बघितले आणि कागदावर लिहिलं, रक्ताभिसरणातील दोष, कारण धूम्रपान.

जयवंतने जन्मात विडी ओढली नव्हती. त्याच्या बापाने ओढली नव्हती. घरात उदबत्तीच्या धुराने त्याला खोकला यायचा.

"अहो डॉक्टर, मी ओढत नाय," तो म्हणाला होता.

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाला आणि त्याने सही केली.

त्यानंतर महिन्याभरात धाकट्या शेठनी त्याला केबिनमध्ये बोलावून राजीनाम्यावर सही घेतली. गोड बोलून घेतली. जयवंतने दिली, कारण सही करतानासुद्धा पेन बोटांतून दोनदा गळून पडलं आणि त्याला त्या काचेच्या केबिनमधून लवकर बाहेर पडायचं होतं. याचा राग त्याला सगळ्यांत जास्त होता. शेठपेक्षा, डॉक्टरपेक्षा, स्वतःचा. घरी येणाऱ्या पाहुण्याला चहाच्या आधी डॉक्टरचा तो कागद दाखवला जायचा. त्याची बायको मनोरमा कंटाळून म्हणायची, "अहो, आता त्याला देवघरात तरी ठेवा." मग त्याने कारखान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या मोठ्या सरकारी ऑफिसात अर्ज केला. त्याची मागणी एवढीच होती, की माझे हात कशाने गेले ते खरं लिहून द्या. आठ महिने झाले, उत्तर आलं नव्हतं.

तो पडला त्या संध्याकाळी मनोरमाने कोपराला हळद लावली आणि ठणकावून सांगितलं, "उद्यापासून करंड्या रिक्षाने जातील."

"मी जाणार."

"पडून मराल."

"मरेन. पण बसून नाय मरणार."

त्यांची मुलगी क्षितिजा अंधेरीला कॉम्प्युटर कंपनीत होती. ती दोन दिवसांनी ऑफिसमधून छापलेले कागद घेऊन आली. "पप्पा, हे बघा. गाडीच्या हँडलला लावायच्या गरम मुठी. बर्फाच्या देशात लावतात. आत तारा असतात, बॅटरीवर तापतात."

"हातमोजे आहेत ना माझ्याकडे."

"मग मोजे घालूनच पडलात ना?"

ते खरं होतं. चामड्याचे जाड मोजे घातले की लिव्हर हाताला लागत नसे, आणि बोटं आतल्या आत पांढरी पडायची ती पडायचीच. जयवंतने त्यावर बराच विचार केला होता. मोजा ऊब धरून ठेवतो, तयार करत नाही. त्याच्या बोटांत धरून ठेवायला ऊब होतीच कुठे? बाहेरून कोणीतरी द्यायलाच हवी होती.

रविवारी बापलेक मुंबईत गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "लेह-लडाख का, अंकल?"

"वटार."

"वो किधर आता है?"

"नालासोपाऱ्याच्या पुढे."

तो मुलगा हसला. जयवंतची कानशिलं तापली. क्षितिजाने त्याच्या दंडाला धरलं म्हणून तो थांबला. मुलाने मुठीवर बाहेरून गुंडाळायच्या पट्ट्या काढून दिल्या. "कुछ नहीं करने का अंकल, लपेटो, दो वायर बॅटरी को जोडो, बस."

जयवंतने घरी तेच केलं. पट्ट्या तापल्या, पण मूठ एवढी जाड झाली की त्याची बोटं तिच्याभोवती पुरती वळेनात. तिसऱ्या पहाटे बॅटरी साफ उतरली. हॉर्न वाजेना, इंडिकेटर लागेना. चौथ्या दिवशी त्याने कोयता घेतला आणि पट्ट्या हँडलवरून कापून काढल्या. कापताना खालच्या रबराच्या जुन्या मुठीही चिरल्या.

तशीच चिरलेली गाडी घेऊन तो युजीनकडे गेला. युजीन लोपीसचं गासच्या नाक्यावर ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. दोघे एकाच वर्गात होते, एकाच बाकावरून मार खाल्लेला. युजीनने गाडीभोवती एक फेरी मारली.

"जयवंता, हे कोणी केलं?"

"मी."

"कोयत्याने?"

"मग काय करू? तो हरामखोर म्हणतो दोन वायर जोडा, बस!"

"आणि तू जोडल्यास. फ्यूज नाय, रिले नाय, थेट बॅटरीवर. गाडी बंद केलीस तरी मुठी तापत असणार. बाजारात उभी केलीस की तास-दीड तास तुझी बॅटरी हवेला ऊब देत होती." युजीनने चष्मा पुसला. "माझ्याकडे का नाय आलास आधी?"

जयवंतने हात पाठीमागे नेले. त्याला आपले हात युजीनला दाखवायचे नव्हते. युजीनला ते कळलं असावं, कारण त्याने पुन्हा विचारलं नाही. क्षितिजाचे कागद मात्र त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

"तुझ्या बोटांना मूठ बारीकच पाहिजे. म्हणजे बाहेरून गुंडाळायचं नाय. ही बघ कागदावर, पातळ पट्टी, पोस्टकार्डासारखी. नळीवर चिकटवायची, वरून नेहमीचं रबर. आणि शंभर सीसीची गाडी किती वीज देणार? पहाटे हेडलाइट लागतोच. म्हणून कमी विजेची घ्यायची. भट्टी नको, ऊब पुरे."

ती पट्टी मुंबईत मिळाली नाही. क्षितिजाच्या ऑफिसमधली एक बाई जर्मनीहून सुट्टीवर येणार होती, तिने आणली. मधले अकरा दिवस जयवंतच्या करंड्या रिक्षाने गेल्या आणि त्या अकरा दिवसांत घरात कोणी त्याच्याशी धड बोललं नाही, कारण बोललं की भांडण व्हायचं.

रविवारी मिस्सा आटोपून युजीन थेट वटारला आला. चर्चचा पांढरा शर्ट काढून त्याने फणसाच्या फांदीला टांगला आणि कामाला बसला. चिरलेली रबरं ब्लेडने उभी कापून काढली. उजवीकडे अॅक्सिलेटरची प्लॅस्टिकची नळी होती, तिच्यावरच्या बारीक कडा कानशीने घासून सपाट केल्या. डावीकडे नुसता लोखंडी पाइप.

"डावी बाजू लबाड," तो म्हणाला. "लोखंड सगळी ऊब पिऊन टाकतं. म्हणून बनवणाऱ्यांनी डावी पट्टी जास्त तापणारी दिलीय. बदलली असतीस तर एक हात भाजला असता, दुसरा गारठला असता."

उजवीकडच्या वायरीला त्याने सैल वळसा ठेवला, अॅक्सिलेटर पिळला तरी ताण येऊ नये म्हणून. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच वेळा वळवून बघितलं, वायर कुठे चिमटते का. फ्यूज घातला. रिले बसवला, म्हणजे चावी बंद केली की मुठीही बंद. हेडलाइटशेजारी छोटा स्विच लावला, कमी आणि जास्त.

गाडी चालू केली. जयवंत पुढे होऊन मूठ धरायला गेला तसा युजीनने त्याचा हात बाजूला केला.

"तू नको. तुझ्या हाताला कळणार नाय किती तापलं ते. भाजशील आणि पत्ता लागणार नाय."

जयवंत तिथेच उभा राहिला. जो हात केसभर जास्त लोखंड सांगायचा, त्याला आता कढत आणि कोमट कळणार नव्हतं, आणि हे त्याला सगळ्या घरादारासमोर सांगितलं गेलं होतं. तो वळून विहिरीकडे निघाला. मागून मनोरमाने पदर खोचला आणि ती गाडीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या सीटवर.

"मी सांगते," ती म्हणाली. दोन्ही मुठी धरून ती डोळे मिटून बसली. "कमी... बरं वाटतंय. आता जास्त करा. हां... हां... नाय, नको! युजीनभाऊ, हे फार. पहिलंच ठेवा."

युजीनने जास्तीची बाजू सोडवूनच टाकली. मनोरमाच्या हातांना बरं वाटलं तेवढीच ऊब ठेवली.

दुसऱ्या पहाटे जयवंत बाजारात पोचला तेव्हा त्याची बोटं गुलाबी होती. चार दिवस झाले, आठ झाले, तरी गुलाबीच. तोंडल्यांची करंडी त्याने स्वतः सोडली, गाठीसकट. त्या दिवशी तो घरी येऊन कोणावर ओरडला नाही. मनोरमाने शेजारणीला ते मुद्दाम सांगितलं.

त्याच आठवड्यात संध्याकाळी गंगाराम आला. जयवंतच्या बाजूच्या ग्राइंडरवर तो चौदा वर्षं होता, अजूनही होता. खाडीकाठच्या गावातून सायकलने कामाला यायचा. ओटीवर बसून त्याने पाणी मागितलं, पिऊन झालं तरी तांब्या खाली ठेवेना.

"मंगळवारी सरकारी डॉक्टरीन येनार हाय," तो म्हणाला. "तुझ्या अर्जावरून. तुला आठ वाजता बोलावलाय. शेठनी सगल्यांना सांगितलाय, कोन काय बोलू नका."

"आणि तू बोलणार नायस."

गंगारामने तांब्या ठेवला आणि हात पुढे केले. दोन्ही तर्जन्यांची टोकं पिठात बुडवल्यासारखी होती. "सकाली चारी बोटा जातात. मी आल्या आल्या भट्टीपाशी जाऊन शेकून घेतो, कोनाला दिसत नाय."

"कधीपासून?"

"दोन हिवाले झाले. पन माजा नाव घेऊ नको जयवंत. दोन पोरी हायेत लग्नाच्या."

"मग आलास कशाला?" जयवंत एवढ्याने ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. "हात दाखवायला? माझ्या घरात दाखवतोस? तिथे दाखव ना! मी बावीस वर्षं घातली आणि विडीबाज ठरलो. तू काय ठरणार आहेस? दारुडा?"

गंगाराम चपला घालून निघून गेला. मनोरमा म्हणाली, "त्याच्यावर कशाला काढता?" त्या रात्री जयवंत जेवला नाही.

मंगळवारी तो गरम मुठी धरून कारखान्यात पोचला. सवयीने. निघताना बोट आपोआप स्विचवर गेलं होतं, त्याच्या लक्षातही आलं नाही. ऑफिसात सरकारी डॉक्टर विनिताबाई बसल्या होत्या, चाळिशीच्या, कपाळावर आठी, समोर फायलींचा ढीग. बाजूला धाकटे शेठ. बाईंनी जयवंतचे हात उलटसुलट केले, नखं दाबली, सोडली. नखं दाबली की पांढरी आणि सोडली की लगेच लाल.

"हात तर चांगले दिसतायत," त्या म्हणाल्या.

"आत्ता चांगले आहेत. थंडीत..."

"आत्ता थंडीच आहे की!" शेठ हसून म्हणाले. "वटारहून मोटरसायकलवर आले मॅडम, सकाळी सात वाजता. आम्हाला इथे केबिनमध्ये स्वेटर लागतो."

तेव्हा जयवंतच्या डोक्यात उजेड पडला. मुठी! त्या सांगायला त्याने तोंड उघडलं, पण तोवर सगळं एकदम बाहेर आलं. तार, रिले, जर्मनीची बाई, धूम्रपान, राजीनामा. तो बोलत नव्हता, ओरडत होता. टेबलावर मूठ आपटली, चहाचा कप सांडला, फायलीवर ओघळ गेला.

"चुरी!" बाई उठल्या. "मला जे दिसतं तेच मी लिहू शकते."

"मग बर्फ आणा. घालतो हात."

"बर्फात घातलेला हात कुणाचाही पांढरा पडतो, असं उद्या हेच म्हणतील. रोजच्या जगण्यात होतं ते मला दिसायला हवं." त्यांनी रुमालाने फाइल पुसली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "मशीनची मोजमापं बाकी आहेत. उद्या दुपारपर्यंत मी इथेच आहे."

जयवंत परत आला तो थेट युजीनच्या दुकानात. "काढ त्या मुठी! काढ म्हणतो! कोयता दे!"

युजीन बोर्डावर पान्हे लावत होता. त्याने मान वळवली नाही. "अख्खा रविवार मेहनत करून लावल्यात. स्विच आहे ना त्याला? बंद कर."

जयवंत बाकावर बसला आणि म्हणाला, "बंद केल्यावर मी पडलो तर?"

"ते मात्र मला विचारू नको. मनोरमाला विचार."

मनोरमाने दोन वाक्यांत निकाल दिला. "एकटे जायचं नाय. मी मागे बसणार."

बुधवारी सकाळी स्विच बंद, मोजे घरी. वटार सोडलं तोवर बोटं होती. गासला टोकं गेली. सोपाऱ्याच्या तळ्यावरचा वारा लागला आणि दुसरं पेर गेलं. जयवंत हळू चालवत होता, पण हळू चालवायला गिअर बदलावे लागतात आणि गिअरला क्लच लागतो. तो आता बोटांनी नाही, मनगट ओढून क्लच दाबत होता. रेल्वेवरच्या पुलाच्या उतारावर पुढचा पाण्याचा टँकर एकदम थांबला.

"दाबा!" मनोरमा ओरडली.

"दाबतोय!"

"नाय दाबत तुम्ही!"

तिने मागून दोन्ही हात घातले. त्याला मिठी मारल्यासारखी पुढे झुकली, त्याच्या मेलेल्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि क्लच अन् ब्रेक दोन्ही करकचून आवळले. गाडी टँकरपासून हातभर अंतरावर थांबली. मागच्या रिक्षावाल्याने शिवी हासडली. मनोरमाने वळून त्याला अशी काही शिवी दिली, की जयवंतने तेवीस वर्षांच्या संसारात ती तिच्या तोंडून ऐकली नव्हती. तिथून पुढे कारखान्यापर्यंत तिने हात काढले नाहीत. दोघांनी मिळून गाडी चालवली.

फाटकावरच्या वॉचमनने अडवलं. जयवंत थांबला नाही, दोन्ही हात छातीसमोर उघडे धरून तसाच आत गेला. अंगणात मोजमापं चालली होती. विनिताबाई मशीनपाशी उभ्या होत्या, बाजूला शेठ, आणि ग्राइंडरवाले सहाजण रांगेत.

"बाई," जयवंत म्हणाला. "बघा."

आठही बोटं पांढरी होती, मुळाशी रेघ मारल्यासारखी. बाईंनी हात धरले. नख दाबून सोडलं आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. रंग आला नाही. पर्समधून टाचणी काढून बोटाच्या टोकाला टोचली.

"कळतंय?"

"काय?"

त्यांनी स्वतःच्या कोटाचं एक सुटं बटण बाजूच्या टेबलावर ठेवलं आणि उचलायला सांगितलं. जयवंतने तीनदा प्रयत्न केला. बटण टेबलभर सरकत राहिलं. रांगेतलं कोणी हसलं नाही. एवढ्या लोकांत बटणामागे बोटं घसरवत उभा असलेला जयवंत घामाने भिजला. पण त्याने हात मागे घेतला नाही.

"मॅडम, हा जुना आजार आहे," शेठ म्हणाले. "आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. एकाच माणसाला झालं म्हणजे मशीनचा काय दोष? उगाच हात दाखवून अवलक्षण!"

"एकाच माणसाला?" जयवंत गर्रकन वळला. त्याची नजर रांगेत गंगारामवर गेली. गंगारामचे दोन्ही हात खिशात होते. आज सकाळी भट्टीपाशी शेकायला त्याला वेळ मिळाला नव्हता, बाई साडेसातलाच आल्या होत्या. जयवंतला ते उमगलं. नाव ओठांवर आलं. 'गंगाराम, काढ हात' एवढंच म्हणायचं होतं. त्याने ते गिळलं. बायकोकडे बघून तो म्हणाला, "चल."

ते फाटकाकडे चार पावलं गेले असतील.

"बाय," मागून आवाज आला. "माजं पन बघा."

गंगारामने हात बाहेर काढले होते. चारी बोटं पांढरी. शेठ म्हणाले, "गंगाराम, कामावर जा." गंगाराम जागचा हलला नाही. मग त्याच्या पलीकडच्या उत्तर प्रदेशच्या माणसाने हात पुढे केला, त्याचं एकच बोट गेलं होतं, करंगळी. मग आणखी एकाने.

विनिताबाईंनी खुर्ची अंगणात मागवली आणि तिथेच उन्हात बसून लिहायला घेतलं.

तोवर जयवंतच्या हातांत रक्त परत यायला लागलं होतं. ठणका इतका, की तो फाटकाबाहेर गाडीशेजारी उकिडवा बसला आणि त्याने हात काखेत दाबून धरले. तोंडाने तो शिव्या देत होता, शेठला, डॉक्टरला, थंडीला, आणि मध्येच गंगारामलाही, "गाढवा, दोन पोरी आहेत ना तुला, गाढवा." मनोरमा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिने त्याला थांबवलं नाही.

सरकारी कागद मे महिन्यात आला. कारखान्याला थरथर कमी असलेले नवे ग्राइंडर घ्यायला सांगितलं होतं, एका माणसाने सलग किती वेळ धरायचा ते ठरवून दिलं होतं. गंगारामला घासायच्या कामावरून काढून पॅकिंगला लावा, असंही त्यात होतं, पगार तोच ठेवून. खाली जयवंतबद्दल दोन ओळी होत्या. क्षितिजाने मोठ्याने वाचल्या. बोटांचा विकार, थरथरणाऱ्या यंत्रावरील दीर्घकाळच्या कामामुळे. बरा होण्याची शक्यता नाही. धूम्रपानाशी संबंध नाही.

"पुन्हा वाच," जयवंत म्हणाला.

तिने वाचलं. मनोरमाने डोळ्यांना पदर लावला. जयवंतने कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरून स्वतः वाचला, आणि त्याच्या कपाळावरची शीर उठली.

"हे काय लिहिलंय? जसवंत! जसवंत चुरी!"

"अहो, टाइप करताना चुकलं असेल."

"बावीस वर्षं जसवंतने घासलं काय?"

"पप्पा, कारण तर बरोबर लिहिलंय ना?"

"कारण बरोबर आहे. माणूस दुसराच लिहिलाय."

तो चपला घालत होता. भर दुपार होती, फणसाखाली माशा घोंगावत होत्या. मनोरमा म्हणाली, उद्या सकाळी जा, तर तो म्हणाला, आजच. गाडी काढून तो त्या सरकारी ऑफिसात पोचला तेव्हा दोन वाजत आले होते. शिपाई म्हणाला, साहेब जेवायला गेलेत, यायला वेळ लागेल.

"लागू दे," जयवंत म्हणाला आणि कागद मांडीवर धरून बाकावर बसला.